गच्चीवरचा प्रोटिअस: नेपच्यूनच्या काळ्या चंद्राची प्रतिकृती कशी करावी

नेपच्यूनचा प्रोटिअस हा चंद्र सुमारे 420 किलोमीटर रुंद असूनही पृथ्वीवरील दुर्बिणींच्या नजरेतून निसटला आणि 1989 साली व्हॉयेजर 2 यानाच्या छायाचित्रांतच प्रथम सापडला. त्याच्याहून लहान असलेला नेरीड मात्र 1949 सालीच सापडला होता. हे असे उलटे का घडले, ते मुलांना प्रत्यक्ष दाखवायचे असेल तर आकार आणि अंतर या दोहोंसाठी एकच प्रमाण पाळावे: 1 सेंटीमीटर म्हणजे 2500 किलोमीटर.

या प्रमाणात नेपच्यूनचा व्यास 20 सेंटीमीटर येतो. तेवढ्या फुगवलेल्या फुग्यावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने तीन-चार थरांत चिकटवावेत. ठाण्याच्या पावसाळ्यात असा गोळा वाळण्याऐवजी बुरसतो, म्हणून हे काम दसऱ्यानंतरच काढावे. रंग फिकट निळसर-हिरवा द्यावा. व्हॉयेजरच्या प्रसिद्ध छायाचित्रांतील गडद निळा रंग प्रक्रियेत वाढवलेला आहे. वाळलेल्या गोळ्यातून विणकामाची लांब सुई आरपार घालावी, म्हणजे आस तयार होतो.

प्रोटिअससाठी जांभळी नाक्याच्या बाजारात जाण्याची गरज नाही, घरातील काळी मोहरी पुरते. दाणा 1.7 मिलिमीटरच्या आसपासचा निवडावा. प्रोटिअस आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा परत फेकतो, त्यामुळे मोहरीचा रंग त्याला शोभतो. मात्र तिचा गोलपणा शोभत नाही: शनीचा मायमस थोडा लहान असूनही गोल आहे, तर प्रोटिअस ओबडधोबड राहिला आहे. म्हणून दाण्यावर एका बाजूने काचकागद फिरवावा. 200 किलोमीटरहून रुंद असलेले फॅरोस विवर त्यातच आले.

बारीक तारेचा सैल वेढा गोळ्याखाली सुईभोवती घालून तार 47 सेंटीमीटर आडवी न्यावी, तेथून गोळ्याच्या मध्याच्या उंचीपर्यंत वर वळवावी आणि टोकाला मोहरी चिकटवावी. दाणा तारेला घट्ट असल्याने त्याची एकच बाजू गोळ्याकडे राहते, आणि खऱ्या प्रोटिअसचेही तसेच आहे. त्याची फेरी सुमारे 27 तासांची असते. तार 27 सेकंदांत फिरवली की एक सेकंद म्हणजे एक तास.

आता नेरीड. तो 1.4 मिलिमीटरचा, म्हणजे राजगिऱ्याचा जरा टपोरा दाणा. त्याचे नेपच्यूनपासूनचे सरासरी अंतर या प्रमाणात तब्बल 22 मीटर भरते, त्यामुळे तो इमारतीच्या गच्चीच्या दुसऱ्या टोकाला काळ्या कागदावर ठेवावा लागेल. (सूर्य याच प्रमाणात 5.6 मीटर रुंद होईल आणि 18 किलोमीटरवर, म्हणजे ठाण्याहून लोकलने साधारण कुर्ल्याला, ठेवावा लागेल. त्याची जागा मोबाइलच्या टॉर्चने भागवावी.)

अंधार पडल्यावर टॉर्च गोळ्यावर रोखून एका मुलाला पाच-सहा पावलांवर उभे करावे आणि मोहरी शोधायला सांगावे. उजळलेल्या गोळ्याशेजारी काळा दाणा हरवतो. राजगिरा लहान असला तरी त्याच्या आसपास डोळे दिपवणारे काही नाही. मग मुलाला हळूहळू गोळ्याकडे चालू द्यावे आणि मोहरी कितव्या पावलाला दिसली ते लिहून ठेवावे. व्हॉयेजर नेपच्यूनच्या सर्वांत जवळून 25 ऑगस्ट 1989 रोजी गेले, पण प्रोटिअस त्याला वाटेतच, जूनमध्ये, दिसला होता.