परसातल्या कोंबड्या: या चुका टाळा

आजारी कोंबडी आजार लपवते. दुबळी दिसली की कळपातल्या बाकीच्या तिला टोचून काढतात, म्हणून त्राण असेतो ती दाणे टिपल्याचं सोंगही करते. मान आखडून, पिसं फुलवून कोपऱ्यात बसली, तेव्हा दुखणं बहुधा जुनं झालेलं असतं.

त्यामुळे दिवसा लांबूनच बघून ‘सगळ्या ठणठणीत’ म्हणणं ही पहिली चूक. मी अंधार पडल्यावर, त्या दांडीवर बसल्या की टॉर्च घेऊन जाते. एकेकीला उचलून छातीच्या हाडावरून बोट फिरवायचं. पिसांमुळे गुबगुबीत भासणारी कोंबडी हाताला सुरीच्या धारेसारखी लागली, तर ती कधीपासून झिजतेय. दांडीच्या फटींवर पांढरं फडकं घासा. लाल डाग उमटले तर लाल माइट नावाचे बारीक किडे आहेत. हे दिवसा फटींत दडतात आणि रात्री रक्त पितात, त्यामुळे नुसती कोंबडीला पावडर चोळून भागत नाही, खुराडं आधी साफ करा. तुरा फिका पडण्यामागे पुष्कळदा हेच असतात.

सकाळी खायला घालण्याआधी गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपा. रात्रीत ती रिकामी व्हायला हवी. घट्ट गोळा लागला तर अन्न अडकलंय. फुग्यासारखी लिबलिबीत आणि तोंडाला आंबट वास असेल, तर आत आंबलंय. अशा वेळी कोंबडीला उलटं धरून पिळणारे भेटतात. कृपा करून नको, ते पाणी श्वासनळीत जातं.

शिटेची भीती मात्र उगाच बाळगतात. वरची पांढरी टोपी नेहमीचीच. अधूनमधून चॉकलेटी, चिकट, घाणेरड्या वासाची शीटही चालते. रक्त दिसलं, तेही 3 ते 6 आठवड्यांच्या पिल्लांत, तर रक्ती हगवणीची शंका घ्या आणि खाली अंथरलेलं ओलं तूस लगेच बदला.

नवी कोंबडी थेट कळपात सोडू नका. 30 दिवस वेगळी ठेवा, आणि रोज आधी जुन्यांचं आवरून मगच तिच्याकडे जा.

मान वाकडी, हिरवी हगवण म्हणजे मानमोडी (राणीखेत रोग) असू शकते. तिच्यावर औषध नाही, लस आधीच द्यावी लागते. एकापाठोपाठ एक पटापट मरू लागल्या, तर मेलेलीला उघड्या हाताने उचलू नका, पशुवैद्यकाला कळवा. घरात उरलेलं अँटिबायोटिक अंदाजाने पाण्यात ढवळू नका, ते अंड्यातून आपल्या ताटात येतं.