जुनी विंडोज नव्या कॉम्प्युटरवर चढवताय? या चुका टाळा

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे दिवस म्हणजे आमच्याकडच्या छापखान्यांची सुगी. अमळनेर असो, चोपडा असो की शिरपूर, लग्नपत्रिकांचं काम रात्री उशिरापर्यंत चालतं. पारा ४५ अंशांकडे सरकलेला असतो आणि नेमके तेव्हाच पंधरा-सोळा वर्षांचे कॉम्प्युटर बसतात. "नवं मशीन लई उनू भाऊ, पन जुनं काईच चालस नही" (नवं मशीन घेऊन आलो, पण जुनं काहीच चालत नाही), हे वाक्य मी जळगावात दुरुस्तीचं काम करताना दर उन्हाळ्यात ऐकतो.

जुनं म्हणजे बहुतेक वेळा विंडोज एक्सपी, त्यावर पानं जुळवायचा पेजमेकर, मराठी फॉन्टचं जुनं पॅकेज आणि वर्षानुवर्षं जमवलेल्या पत्रिकांच्या फाइली. जिनिंगवाल्याकडे त्याच जागी वजनकाट्याचा प्रोग्राम असतो. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्हाला एक्सपी हवी आहे, की तिच्यावर चालणारा तो एक प्रोग्राम? उत्तर दरवेळी प्रोग्राम हेच येतं, आणि मग निम्मी खटपट करावीच लागत नाही.

जुनी हार्ड डिस्क काढून सरळ नव्या मशीनला लावणे

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. एक्सपी बाजारात आली २००१ साली. आजच्या मदरबोर्डवर डिस्क ज्या एएचसीआय पद्धतीने बोलते, तिचा ड्रायव्हर एक्सपीत मुळात नाही. त्यामुळे एक्सपीचं चिन्ह दिसतं, क्षणभर निळा पडदा येतो, शेवटी ७बी असलेला कोड दिसतो आणि मशीन पुन्हा चालू होतं. अर्थ एवढाच, की विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. बायोसमध्ये (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामात) आयडीई हा डिस्कचा जुना मोड असेल तर काही बोर्डांवर ती उठते, पण नव्या बोर्डांवर तो पर्यायच राहिलेला नाही.

खरा धोका पुढे आहे. एकदा जमलं नाही म्हणून माणूस दहा वेळा प्रयत्न करतो, कुणी 'रिपेअर' दाबतं, कुणी 'इनिशिअलाइज डिस्क'ला हो म्हणतं. एका छापखान्याची सगळी जुनी कामं अशी पुसली गेलेली मी पाहिली आहेत. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो. म्हणून डिस्कला हात लावण्याआधी तिची पूर्ण प्रत काढा. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू चालवलं, तर खराब होत आलेल्या डिस्कचीही जमेल तेवढी प्रत निघते. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर. मूळ डिस्क कपाटात.

सीडी घालून नव्या मशीनवर एक्सपी किंवा सेव्हन टाकणे

नवी मशीन यूईएफआयवर, म्हणजे बायोसच्या नव्या अवतारावर चालतात, एक्सपीला जुनं बायोस लागतं. आता कित्येक बोर्डांत जुन्या पद्धतीने चालू होण्याची सोयच काढून टाकली आहे. विंडोज ७ थोडी पुढची, पण तिच्या मूळ डीव्हीडीत यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत. इन्स्टॉल सुरू होतं, भाषा विचारणारी पाटी येते आणि माऊस-कीबोर्ड दोन्ही मरतात. लोकांना वाटतं नवा कीबोर्डच खराब निघाला. एनव्हीएमई एसएसडी ही नव्या जातीची वेगवान डिस्कही तिला आपणहून दिसत नाही. ड्रायव्हर डीव्हीडीत मिसळून हे जमवता येतं, मी जमवलेलंही आहे. पण पुढे ग्राफिक्सचा ड्रायव्हर मिळत नाही आणि पडदा जाडाभरडा राहतो. दोन दिवस घालवून हाती एवढंच येणार असेल, तर मी ते काम आता घेत नाही.

मी सुचवतो ती वाट अशी. नव्या मशीनवर नवीच विंडोज ठेवा, त्यात व्हर्च्युअलबॉक्स (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) टाका आणि एक्सपी त्याच्या आत चालवा. प्रोग्रामची सीडी असेल तर आत कोरी एक्सपी टाकणं सगळ्यात सोपं. सीडी हरवली असेल तर डिस्कची कच्ची प्रत व्हीबॉक्समॅनेज या आज्ञेने व्हर्च्युअल डिस्कमध्ये बदलता येते. तेव्हा कंट्रोलर आयडीईच ठेवा, नाहीतर तोच ७बी पुन्हा भेटतो. हार्डवेअर बदललं की एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागते, आणि मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स त्याच मशीनपुरतं असतं, हे आधीच ध्यानात घ्या.

डोंगल आणि काट्याची वायर शेवटी आठवणे

फॉन्टच्या जुन्या पॅकेजला डोंगल असतं, म्हणजे पोर्टात लावायची छोटी किल्ली, जिच्याशिवाय प्रोग्राम चालत नाही. ते यूएसबीचं असेल तर व्हर्च्युअल मशीनला देता येतं. प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टाचं असेल तर बाजारातला यूएसबी कन्व्हर्टर बहुधा कामाचा नाही, तो फक्त प्रिंटरपुरता असतो. अशा वेळी पॅकेजवाल्याकडे यूएसबी डोंगल बदलून मागा, आणि ते हातात येईपर्यंत जुनं मशीन मोडीत काढू नका.

वजनकाट्याला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट लागतो. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये नक्कल चिप निघाली की नव्या विंडोजमध्ये 'कोड १०' येतो, म्हणजे कन्व्हर्टर चालूच होत नाही. सिरियल पोर्टचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवा, ते जास्त भरवशाचं. आणि जुनं मशीन चालू आहे तोवर बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी ही काट्याच्या जोडणीची सेटिंग कागदावर उतरवून घ्या. कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या असताना हे आकडे शोधत बसणं फार जिवावर येतं.

फाइल उघडली, अक्षरं विचित्र दिसली, सेव्ह केली

जुन्या मराठी फाइलीत देवनागरी नसतेच. आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, त्यांना देवनागरी रूप फॉन्ट देतो. फॉन्ट नसला की कचरा दिसतो, फाइल मात्र शाबूत असते. दुसरा फॉन्ट लावून सेव्ह केलं तर कुठला मजकूर कोणत्या फॉन्टात होता ही खूण जाते. आधी जुन्या मशीनचं फॉन्ट फोल्डर अख्खं उचलून आणा.

एक्सपीला नेटवर्कवर सोडणे

एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० ला. नवी विंडोज आणि एक्सपी यांच्यात फोल्डर शेअर होत नाही, तेव्हा अनेकजण नव्या विंडोजमध्ये एसएमबी १ ही फाइल शेअर करायची जुनी पद्धत चालू करतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेने जगभर पसरला होता. व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क बंद ठेवा आणि फाइली व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरमधून न्या-आणा.

आणि नवं मशीन घ्यायच्या आधी एकदा जुनं उघडून बघा. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपला की बायोस आपली सेटिंग विसरतं, डिस्कचा मोड बदलतो आणि चांगलं चालणारं मशीनही तोच निळा पडदा दाखवतं. सेल बदला, मोड पूर्वीसारखा करा, पंख्यातली धूळ काढा. एवढ्यावर उठलं, तर लग्नसराई पार पडेल आणि डिस्कची प्रत काढायलाही निवांत वेळ मिळेल.