हॅलोविनला 'सेशन नाइन' लावताय? आधी एवढं करा

३१ ऑक्टोबरला चार माणसं जमली की तोच मुखवटेवाला खुनी किंवा तीच झपाटलेली बाहुली टीव्हीवर येते. यंदा दिग्दर्शक ब्रॅड अँडरसनचा २००१ सालचा भयपट 'सेशन नाइन' लावून बघा. मात्र तो कसाही लावून चालत नाही. यात भूत दिसत नाही, बराचसा भाग भर उजेडात घडतो, आणि मांडणी चुकली की पहिल्या अर्ध्या तासात पाहुण्यांचे मोबाइल बाहेर येतात.

बोलावताना गोष्ट एवढीच सांगा: बंद पडलेल्या मनोरुग्णालयातलं अ‍ॅस्बेस्टॉस काढायचं कंत्राट पाच जणांनी घेतलंय, मुदत एका आठवड्याची. त्यातल्या एकाला मेरी हॉब्स नावाच्या रुग्णाच्या उपचारांच्या नऊ टेप सापडतात. बस्स. ट्रेलर पाठवू नका. टेपवरच्या आवाजांची नावंही सांगू नका, कारण शेवटच्या नावातच सगळी मेख आहे.

जागेबद्दल मात्र खुशाल बोला, त्यानं काही फुटत नाही. इमारत खरी होती: अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं डॅनव्हर्स स्टेट हॉस्पिटल, १८७८ मध्ये सुरू झालेलं आणि १९९२ मध्ये बंद पडलेलं. डॅनव्हर्स म्हणजे जुनं सेलम व्हिलेज. १६९२ च्या चेटकीण-खटल्यांची सुरुवात तिथलीच. त्या खटल्यांतले एक न्यायाधीश जॉन हॅथॉर्न, आणि इस्पितळाची टेकडीही हॅथॉर्न याच नावाची. पंख पसरलेल्या वटवाघळाच्या आकाराची ती वास्तू पुढे बहुतांशी पाडून तिथे घरं बांधली. पडद्यावर आहेत ती तिची शेवटची काही वर्षं.

आता टीव्ही. सिनेमा फिल्मवर नाही, सेकंदाला २४ फ्रेम घेणाऱ्या सुरुवातीच्या डिजिटल एचडी कॅमेऱ्यावर टिपलाय. त्यामुळे मोशन स्मूदिंग (टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच बनवून हालचाल गुळगुळीत करतो ती सोय) चालू राहिलं तर तो थेट दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. सॅमसंगवर पिक्चर क्लॅरिटी, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो बंद करा. फिल्ममेकर मोड असेल तर तो निवडला की काम झालं. भडक रंगांचा व्हिव्हिड मोड तर नकोच. खिडक्यांच्या जागी पांढरे डाग उरतात आणि कॉरिडॉरचं दुसरं टोक काळोखात गडप होतं. घाबरायचं असतं ते नेमकं त्या टोकाला.

खोलीत मिट्ट अंधार नको. टीव्हीच्या मागे लहानसा पिवळा दिवा ठेवा. भोपळ्यातली मेणबत्ती पडद्यासमोर ठेवली की तिची ज्योत प्रत्येक काळ्या फ्रेममध्ये लुकलुकत राहते, म्हणून भोपळा दाराबाहेर.

आवाजात सर्वांत जास्त चुका होतात. नाइट मोड किंवा ऑटो व्हॉल्यूम हळू आवाज वर ओढतो आणि मोठा खाली दाबतो. मग टेपवरची कुजबुज आणि साधी बातचीत एकाच पातळीवर येते, भीती सपाट होते. दोन्ही बंद करा. संवाद नीट ऐकू येतील इतका आवाज सुरुवातीलाच लावा आणि मग रिमोटला हात लावू नका. सबटायटल्स लागत असतील तर साधी निवडा. कर्णबधिरांसाठीच्या सबटायटल्समध्ये कधी कधी बोलणाऱ्याचं नाव आधीच छापून येतं, आणि इथे ते महागात पडतं.

लांबी साधारण १०० मिनिटं. साडेनऊला सुरू केलात तर सव्वाअकराच्या आत संपतो. मध्यंतर घ्यायचंच असेल तर पडद्यावर नव्या वाराचं नाव (सोमवार, मंगळवार असं) उमटतं तिथे थांबा; टेप वाजत असताना नाही. दिवाळी जवळ असेल (२०२४ मध्ये नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती) तर फटाके थंडावेपर्यंत वाट बघा किंवा दोघंच असाल तर हेडफोन लावा. खायला कुरकुरीत काही ठेवू नका. चिवड्याच्या एका बकाण्यात अख्खा संवाद जातो.

लहान मुलं झोपल्यावरच लावा. शिव्या भरपूर आहेत, शेवटाकडे रक्त आहे, आणि कुटुंबातल्या हिंसेचा विषय आहे. घरात नुकतंच बाळ आलेल्यांना तर विचारूनच बोलवा.

डीव्हीडी असेल तर वगळलेले प्रसंग त्याच रात्री बघू नका. त्यांत इस्पितळात राहणाऱ्या एका बेघर बाईचं उपकथानक आहे. ते बघितलं की घडलेल्या प्रकाराला दुसरंच स्पष्टीकरण मिळतं, आणि दिग्दर्शकानं ते कापलं ते बरंच केलं. दुसऱ्या दिवशी, चहाबरोबर बघा.