टोकामॅकचं मॉडेल करताय? या चुका टाळा

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ‘कृत्रिम सूर्य’, म्हणजे टोकामॅकचं मॉडेल, हमखास असतं. टोकामॅक म्हणजे प्लाझ्मा, म्हणजे आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेला अतितप्त वायू, चुंबकांनी कड्यात कोंडणारं यंत्र. नळीचं गोल कडं, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, आत लाल दिवा. गेल्या हिवाळ्यात आमच्या आठवीतल्या पोरीनं असंच मॉडेल पाहून विचारलं, “सर, येवढं मोठं चुंबक हाये, तं मंग प्लाझ्मा पयते काहून?” फ्यूजनचं, म्हणजे सूर्यासारखे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवण्याचं, बरंच संशोधन याच प्रश्नावर चाललं आहे.

वेढे दिले की प्लाझ्मा अडकला, ही सगळ्यात मोठी चूक. कड्याच्या आतल्या अंगाला चुंबकी क्षेत्र जोरदार असतं, बाहेरच्या अंगाला कमजोर. या फरकामुळे आयन एकीकडे आणि इलेक्ट्रॉन दुसरीकडे, असे वर-खाली सरकतात. त्यांच्यामध्ये विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते अख्खा प्लाझ्मा बाहेरच्या भिंतीवर ढकलतं. चुंबक कितीही वाढवा, हे थांबत नाही. उपाय आहे पीळ. टोकामॅकमध्ये प्लाझ्मातूनच प्रवाह वाहवतात, त्यामुळे क्षेत्ररेषांना पीळ बसतो. कण कधी वर, कधी खाली फिरत राहतात आणि वर-खाली साचलेला विद्युतभार मिटतो. आपण कापसाच्या मुलखातली माणसं. पोरांच्या हातात पेळू आणि तकली द्या. पिळाशिवाय धागा तुटतो हे त्यांना लगेच कळतं. पीळ जास्त झाला तर धागा स्वतःभोवतीच वळून गाठी पडतात, तेही दाखवा. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की प्लाझ्माही असाच वेडावाकडा होतो आणि काही मिलिसेकंदांत कोसळतो. मॉडेलवर तारेच्या वेढ्यांशिवाय एक लाल दोरा तिरपा गुंडाळा. तो दोरा म्हणजे पिळाची क्षेत्ररेषा.

प्लाझ्मा दाट रंगवू नका. तो आपल्या हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ असतो. म्हणूनच १५ कोटी अंश तापमान असूनही स्फोटाची भीती नसते; भिंतीला लागला की तो विझतो. नुकसान होतं ते भिंतीचं. तिथून टंगस्टनचे थोडे कण जरी आत शिरले, तरी ते किरणांवाटे उष्णता उधळतात आणि प्लाझ्मा थंड पडतो.

कडेची गोष्ट बहुतेक मॉडेलांत सुटते. १९८२ मध्ये जर्मनीतल्या ॲस्डेक्स यंत्रात प्लाझ्माच्या कडेला आपोआप एक अडसर तयार झाला आणि उष्णता बरीच जास्त वेळ टिकली. शेताला धुरा (बांध) घातल्यासारखंच. पण दाब साचला की हा धुरा मध्येच फुटतो आणि उष्णतेचा लोंढा भिंतीवर आदळतो. म्हणून गोठवलेल्या इंधनाच्या गोळ्या मारून किंवा बारीक चुंबकी ढवळणी करून तो दाब थोडाथोडा सोडतात. धुऱ्याला सांडवा ठेवतो तसाच. मॉडेलमध्ये हा सांडवा दाखवलात तर परीक्षक नक्की थांबतील.

तक्त्यावर विक्रम लिहिताना वेळ आणि ऊर्जा यांची सरमिसळ करू नका. फ्रान्सच्या वेस्ट टोकामॅकनं २०२५ मध्ये प्लाझ्मा १,३३७ सेकंद टिकवला. ब्रिटनच्या जेट टोकामॅकनं २०२३ मध्ये ६९ मेगाजूल फ्यूजन ऊर्जा दिली. अमेरिकेतला २०२२ चा गाजलेला फ्यूजन प्रयोग लेसरचा, तो टोकामॅकच्या रांगेत बसत नाही. आणि आपल्या गांधीनगरचा आदित्य टोकामॅक, १९८९ पासूनचा, त्याच तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहा.