गणपतीला घर भरण्याआधी सेप्टिक टँक बघून घ्या

चिपळूणजवळच्या आमच्या घरी गणपतीला वीस-बावीस माणसं असतात. एका वर्षी चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी संडासाचं पाणी वर आलं. नऊ वर्षं टाकी कुणी उघडलीच नव्हती. तेव्हापासून दर मे महिन्यात मी स्वतः बघतो.

झाकण सरकवून तासभर लांब थांबायचं. आत मिथेन हा पेटणारा आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठलेला असतो. विडी-काडेपेटी जवळ नको, वाकून आत डोकावायचं नाही. मग लांब बांबूला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून तळापर्यंत सोडायचा, दोन-तीन मिनिटांनी सावकाश वर घ्यायचा. काळं जिथवर लागलं, तेवढा गाळ. पाण्याच्या खोलीचा तिसरा हिस्सा गाळाने भरला की सक्शनची गाडी बोलवा. साधारण दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते.

माणूस आत उतरवू नका, तो कितीही तयार असला तरी. सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि या टाक्यांत माणसं गुदमरून मेली आहेत. हे मी गावात प्रत्येकाला सांगतो.

संडासात अ‍ॅसिड ओतू नका, गाळ कुजवणारे जिवाणू मरतात. पॅड, डायपर, तळणीचं तेल नकोच. पागोळ्यांचं पाणी टाकीकडे वळवू नका, टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यावर गाडी लावू नका. टाकीतला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, डास तिथूनच येतात.