कुत्रं लय खाजवायलंय? मग कारण असं शोधा

कुत्रं खाजवायला लागलं की सोलापुरात सल्ल्याला तोटा नसतो. शेजारचे काका म्हणतात चिकन बंद कर, मामी म्हणतात कडुलिंबाच्या पाण्यानं धू, मेडिकलवाला सिट्रिझिनची सर्दी-खाजेची गोळी पुढं करतो, आणि कुणीतरी हमखास सांगतं की एक इंजेक्शन मारून आणा, दोन दिवसात गप होतंय बघा. आपण काळजीपोटी हे चारही एकाच आठवड्यात करून मोकळे होतो. मग खाज थांबली तरी कशानं थांबली कळत नाही आणि महिन्याभरानं परत सुरू झाली की परत पहिल्यापासून.

म्हणून एका वेळी एकच बदल, आणि तोही क्रमानं. आधी पिसवा, गोचीड, खरूज. मग कातडीवरचे जंतू आणि बुरशी. मग खाणं. हे सगळं बाजूला काढून जी खाज उरते ती धूळ-परागकणांची. जनावरांचे डॉक्टरही याच क्रमानं जातात, कारण पहिल्या गोष्टी स्वस्तात आणि लवकर तपासता येतात, आणि शेवटच्या अ‍ॅलर्जीला 'आहे की नाही' असं ठाम सांगणारी टेस्टच नाही, ती बाकीचं वगळूनच ठरवावी लागते.

सुरुवातीला एक वही करा, मोबाईलमध्ये केली तरी चालतंय. रोज रात्री खाजेला दहापैकी मार्क द्यायचे, शून्य म्हणजे निवांत झोपलं, दहा म्हणजे जेवण सोडून खाजवत बसलं. सोबत कुठं खाजवतंय, काय खाल्लं, कुठं फिरवलं, कोणतं औषध दिलं एवढंच. आणि खाजवणं म्हणजे फक्त पायानं ओरबाडणं नव्हे हो, पंजे चाटत बसणं, कान झटकणं, तोंड सोफ्याला घासणं, ढुंगण फरशीवर ओढत जाणं, हे सगळं खाजेतच धरायचं. ढुंगण ओढण्यामागं कधी कधी नुसती गुदद्वाराजवळची ग्रंथी तुंबलेली असते, पण ते वारंवार होत असेल तर वहीत लिहाच.

कुठं खाजवतंय यावरून निम्मी दिशा मिळते. शेपटीच्या बुडाशी, पाठीच्या मागच्या भागात आणि मांड्यांच्या मागं असेल तर पहिला संशय पिसवांवर. कानाच्या कडा, कोपर, मागच्या पायाचा घोटा इथं खपल्या असतील तर खरूज. पंजे, कान, काख, पोट, तोंड असं असेल तर खाण्याची नाहीतर हवेतली (धूळ-परागकणांची) अ‍ॅलर्जी, आणि या दोन्ही बाहेरून अगदी सारख्या दिसतात, त्यामुळं नुसतं बघून 'ही चिकनची अ‍ॅलर्जी आहे' असं कुणी छातीठोक सांगत असेल तर ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. वयही बघा. हवेतली अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. सात-आठ वर्षांचं कुत्रं आयुष्यात पहिल्यांदाच खाजवायला लागलं तर ते कारण जरा मागं ठेवा आणि बाकीचं नीट तपासा.

आता पिसवा. "आमच्या कुत्र्याला पिसवा नाहीतच" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं नसतं, कारण ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते त्याला थोडेसे चावेही पुरतात, आणि ते स्वतःला इतकं चाटतं-चावतं की पिसवा गिळूनच टाकतं. आपल्याला सापडणार काय? सापडते ती त्यांची घाण. एक पांढरा टॉवेल घ्या, सोलापुरात तो प्रत्येक घरात निघतोच, ओला करून पिळा आणि जमिनीवर पसरा. कुत्र्याला त्यावर उभं करून शेपटीच्या बुडापासून कमरेपर्यंत बारीक दातांच्या फणीनं उलटं-सुलटं विंचरा. मिरपुडीसारखे काळे कण पडतील. साधी माती असेल तर ती ओल्या टॉवेलवर काळपट मातकटच राहते, पण पिसवांची विष्ठा असेल तर मिनिटभरात त्या कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरतो, कारण ते पचलेलं रक्तच असतं. आमच्या राणी नावाच्या कुत्रीच्या पाठीवर एकही पिसू दिसत नव्हती आणि टॉवेलवर मात असे डाग फुललेले, घरातल्यांना दाखवल्यावरच त्यांना पटलं.

डाग दिसले नाहीत तरी पिसवांचं औषध सलग तीन महिने द्या, हीच खरी टेस्ट. कारण अंगावर दिसते ती प्रौढ पिसू म्हणजे एकूण पिसवांच्या जेमतेम ५ टक्के, बाकी अंडी, अळ्या आणि कोष तुमच्या घरात, गादीखाली, फरशीच्या फटीत, आणि ते कोष महिनोन्‌महिने तग धरतात. त्यामुळं एकदा औषध टाकून "फरक नाही पडला" म्हणण्यात अर्थ नाही. मानेवर टाकायचे थेंब असतात, चघळायच्या गोळ्या असतात, नेक्सगार्ड, सिम्परिका, ब्राव्हेक्टो वगैरे, कुठली द्यायची ते वजन बघून डॉक्टरांनाच ठरवू द्या, आणि फिट येणारं कुत्रं असेल तर ते आधी सांगा. घरातल्या सगळ्या जनावरांना एकदमच औषध, मांजरालासुद्धा, पण मांजराला मांजराचंच. कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराच्या जिवावर बेततं. कुत्रं ज्या चादरीवर झोपतं ती दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा आणि आपल्या उन्हात कडक वाळवा. जाड सोलापुरी चादर वर्षानुवर्षं टिकते म्हणून ती कुत्र्याखाली टाकली की वर्षभर कुणी उचलत नाही, तीच खरी पिसवांची वसाहत.

गोचिडांचं वेगळं. ते चावलेल्या जागी खाजतं, पण जास्त भीती तापाची. ताप, सुस्ती, फिकट हिरड्या, लाल लघवी असं काही दिसलं तर खाजेचा शोध बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना आणि रक्ततपासणी.

खरूज म्हणजे कातडीत बिळं करणारे किडे, आणि ही खाज भयानक असते, रात्र रात्र झोप नाही. घरातल्या माणसांना हातावर, पोटावर, कमरेला बारीक पुरळ उठलं असेल तर तो मोठाच पुरावा. घरी एक करून बघा: कानाचं टोक दोन बोटांत धरून कड हलकेच चोळा, त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागला तर खरुजेचा संशय बळावतो. नक्की मात्र डॉक्टरांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच, आणि त्यातही खरजेचे किडे बऱ्याचदा सापडत नाहीत, म्हणून लक्षणं जुळली तर डॉक्टर सरळ उपचारच करून बघतात. पिल्लाच्या डोळ्याभोवती, तोंडाभोवती किंवा पुढच्या पायावर केस गेलेले चट्टे असतील आणि खाज फारशी नसेल तर तो दुसरा किडा, डेमोडेक्स, तो माणसाला लागत नाही. पण याला स्टेरॉईड दिलं की वाढतो, म्हणून खरवडून बघण्याआधी स्टेरॉईडच्या इंजेक्शनची घाई नको.

मग जंतू आणि बुरशी. हे बहुतेक वेळा मूळ कारण नसतं, अ‍ॅलर्जीनं कातडी खराब झाली की मागून येतं, पण खाजेत अर्धा वाटा याचाच असू शकतो. कुत्र्याला आंबूस, कुबट वास येतो, कातडी तेलकट होते, काखेत जाड आणि काळी पडते, पोटावर पुटकुळ्या नाहीतर गोल गोल खपल्या दिसतात. डॉक्टर चिकटपट्टी कातडीवर दाबून काचेवर लावतात, रंग देतात आणि बघतात, थोडक्यात काम होतं. त्याचा आग्रह धरा, न बघता अँटिबायोटिक नको. क्लोरहेक्सिडिनचा (जंतुनाशक) शाम्पू सांगितला तर फेस करून दहा मिनिटं अंगावर ठेवायचा, घड्याळ लावून, लावला की लगेच धुतला तर पैसे गटारात. आता आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळं आंघोळीचा वार पाण्याच्या वाराला जोडून टाका, म्हणजे चुकत नाही. इन्फेक्शन गेल्यावर किती खाज उरली ते वहीत बघा. पुढचा शोध त्या उरलेल्या खाजेचा आहे.

खाण्याची अ‍ॅलर्जी, इथं सगळे घसरतात. फूडची कंपनी बदलली, चिकनवरून 'लॅम्ब' आणलं आणि फरक नाही म्हणून खाण्याचा विषय संपवला, असं करू नका, कारण त्या लॅम्बच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचलीत तर आत बऱ्याचदा चिकनही असतं. आणि "चार वर्षं तेच खातंय, आताच कशी अ‍ॅलर्जी होईल" याला उत्तर असं की अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा आधीपासून खाल्लेल्या गोष्टीचीच होते, नवीन गोष्टीची नाही. कुत्र्यांमध्ये जास्त करून बीफ, दूध, चिकन आणि गहू यांची आढळते. रक्ताची किंवा केसांची फूड अ‍ॅलर्जी टेस्ट करून यादी देणारे आहेत, त्या यादीवर विसंबून राहता येत नाही, पैसे वाचवा.

खरी टेस्ट एकच: आठ आठवडे असं जेवण, ज्यातलं प्रोटीन कुत्र्यानं जन्मात खाल्लेलं नाही. आपल्याकडची कुत्री ज्वारीची भाकरी, दूध, अंडं, चिकन आणि रविवारचं मटण यावर वाढलेली असतात, त्यामुळं हे सगळं बाद. मासा कधी खाल्ला नसेल तर उजनीची चिलापी मिळतेच, काटे पूर्ण काढून, नुसती उकडून, सोबत उकडलेला बटाटा. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर अजिबातच नाही, ते एरवीही कुत्र्याला विषच. मासा खाऊन झालेला असेल तर डॉक्टरांकडून हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं फूड घ्यावं लागतं, महाग आहे, पण त्यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर सहसा ओळखत नाही. पिल्लू असेल किंवा गाभण कुत्री असेल तर घरच्या जेवणाचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, कॅल्शियम कमी पडतं.

आणि या आठ आठवड्यांत दुसरं काहीही नाही. बिस्किट नाही, दुधाची वाटी नाही, चघळायची हाडं नाहीत, शेंगा चटणी लागलेला भाकरीचा तुकडा नाही. गोचिडाची चघळायची गोळीसुद्धा मांसाच्या चवीची असते, तेवढ्या काळात मानेवरचे थेंब वापरता येतील का ते विचारा. सगळ्यात अवघड काम म्हणजे आजोबांना आणि पोरांना आवरणं. आजोबा "एवढंसं काय होतंय" म्हणून लुंगीच्या आडून बिस्किट देतातच! त्यांना सरळ सांगायचं की एका बिस्किटानं आठ आठवडे वाया जातात, आणि त्यांच्या हातात चिलापीचे तुकडे भरलेला डबा द्यायचा, म्हणजे त्यांचंही समाधान.

खाज कमी झाली तर इथंच थांबू नका. जुनं जेवण परत सुरू करा. साधारण दोन आठवड्यांत खाज परतली आणि नव्या जेवणावर आणल्यावर परत गेली, तरच ती खाण्याची अ‍ॅलर्जी. मग एकेक पदार्थ दोन-दोन आठवडे घालून बघायचा, आधी चिकन, मग दूध, मग अंडं, आणि नक्की कोण ते पकडायचं. हा भाग लोक टाळतात, बरं झालंय ना मग कशाला उकरा म्हणतात, पण न केल्यास कुत्रं उगाचच जन्मभर चिलापीवर राहतं, आणि कदाचित तेव्हा पाऊस संपल्यामुळं खाज गेलेली असते.

आठ आठवड्यांनीही तसंच खाजवत असेल तर उरली हवेतली अ‍ॅलर्जी. घरातल्या धुळीतले किडे, परागकण, बुरशीचे कण. इथं वहीतल्या तारखा कामाला येतात. वर्षभर सारखीच खाज असेल तर घरातली धूळ, आणि पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतच असेल तर बाहेरचं काहीतरी. आपल्याकडं मोकळ्या प्लॉटवर, जुळे सोलापूर असो की होटगी रोड, पाऊस पडला की गाजरगवत कमरेएवढं होतं. माणसांना त्यानं कातडी उठते हे सगळ्यांना माहीत आहे, कुत्र्यालाही त्यातून फिरवू नका, फिरवून आणलं की पंजे आणि पोट ओल्या फडक्यानं पुसून कोरडे करा, दोन-तीन आठवडे हे करून खाजेचे मार्क बघा. घरात पॉवरलूम असेल किंवा चादरी-टॉवेलचं काम चालत असेल तर कुत्र्याची झोपायची जागा तिथून हलवून बघा. फक्त पोट आणि पंजांचे तळवेच लाल होत असतील तर फिनाईलनं फरशी पुसणं दोन आठवडे बंद करून साधं पाणी वापरा. पण परत तेच, जागा आणि फिनाईल एकाच आठवड्यात बदलू नका.

घरगुती उपायांपैकी काही थेट धोक्याचे आहेत. रॉकेल, जळकं ऑईल, डेटॉल, कापूर घातलेलं तेल अंगाला लावायचं नाही. विडीच्या तंबाखूचं पाणी गोचिडाला मारतं म्हणून सांगणारे आपल्याकडं भेटतील, पण निकोटिन कातडीतून आणि चाटण्यातून आत जातं, कुत्रं दगावू शकतं. सिट्रिझिननं कुत्र्याच्या खाजेला फारसा फरक पडत नाही, आणि नावापुढं 'डी' असलेली सर्दीची गोळी तर चुकूनही नको.

इंजेक्शनचं म्हणाल तर स्टेरॉईड वाईट नाही, कुत्रं रक्तबंबाळ होईस्तोवर खाजवत असेल तर आधी आराम दिलाच पाहिजे. फक्त काय दिलं त्याचं नाव वहीत लिहून घ्या, कारण त्याचा असर असेपर्यंत खाण्याचा निकाल खरा लागत नाही. स्टेरॉईडवर कुत्रं पाणी जास्त पितं, लघवी जास्त करतं, भूक वाढते, आणि बरेच दिवस चाललेल्या गोळ्या मनानं एकदम बंद करायच्या नाहीत. वर्षाच्या पुढच्या कुत्र्याला अपोक्वेल ही खाज दाबणारी गोळी हा दुसरा पर्याय आहे, डॉक्टरांना विचारा. कातडीत टोचून किंवा रक्तातून करायची धुळीची-परागकणांची टेस्ट या टप्प्यावर आणि तीही एकाच कामाला, अ‍ॅलर्जीची लस कशाची बनवायची ते ठरवायला. ती लस सुरू केली तर फरक दिसायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं, आणि तोपर्यंत पिसवांचं औषध चालूच ठेवायचं, कारण धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला पिसू चावली की खाज परत दहावर जाते.