डिप मोजण्याआधी थर ओळखा

गोव्यात फिरताना खडक फारसा दिसतच नाही, दिसतो तो जांभा. उत्तर गोव्यातल्या बार्देसच्या कुठल्याही सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाटीवर, उभे राहा, पायाखाली चिऱ्याचा लाल दगड असतो. त्याच्या खाली काय आहे याचा पत्ता लागतो तो समुद्रकिनारी, नदीच्या पात्रात, खाणीच्या खड्ड्यात, नाहीतर घाटरस्त्याच्या कापात. अशा तुटक ठिकाणांवरून जमिनीखालची रचना जोडून दाखवतो तो भूशास्त्रीय नकाशा. डिचोली तालुक्यातल्या लोहखाणींवर मी भूशास्त्रज्ञ म्हणून काम केलं, आता कॉलेजच्या मुलांना फील्डवर नेते. निघण्याआधी त्यांना टेबलावर नकाशा पसरायला लावते, डिपच्या, म्हणजे थर कुठे आणि किती अंश कलला आहे ते दाखवणाऱ्या, चिन्हावर बोट ठेवते आणि एकच प्रश्न विचारते: या चिन्हाने मोजलेला थर कुठला? अंश नंतर बघू.

नकाशा मिळवणं आता अवघड नाही. 1851 साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ पोर्टलवर 1:50,000 प्रमाणाचे भूशास्त्रीय नकाशे बघता येतात. जोडीला टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, घ्या. बहुतेक गोवा 48 ई आणि 48 आय या शिटांत बसतो, काणकोणचं दक्षिण टोक 48 जे मध्ये जातं. 1:50,000 म्हणजे नकाशावरचा 1 मिलिमीटर जमिनीवर 50 मीटर. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे सारखं लागतं.

पहिल्यांदा सूची, म्हणजे कुठला रंग कुठल्या खडकाचा त्याची यादी, वाचा, आणि खालून वर वाचा, कारण सगळ्यात जुना खडक तळाला लिहिलेला असतो. शाळेच्या नकाशातला हिरवा म्हणजे सखल आणि तपकिरी म्हणजे उंच, हा हिशेब इथे विसरायचा. इथे रंग म्हणजे खडक. गोव्याच्या सूचीत तळाशी अनमोड घाटातला नाईस हा पट्टेदार रूपांतरित खडक भेटेल, 300 कोटी वर्षांहून जुना. त्यावर गोवा समूह, गावा-डोंगरांच्या नावांचे खडकांचे चार गट, खालून वर: बार्से, सावर्डे, डिचोली, वाघेरी. बार्सेत मुख्यतः जुने ज्वालामुखीचे खडक, सावर्ड्यात ग्रेवॅक हा वाळू-चिखलाचा खडक, डिचोलीत फिलाइट हा पापुद्र्यांचा खडक आणि लोहखनिजाचे पट्टे, वाघेरीत पुन्हा ग्रेवॅक आणि बेसाल्टी खडक. हे सगळे रूपांतरित झालेले, म्हणजे दाबले गेलेले, तापलेले आणि दुमडलेले. सत्तरीच्या ईशान्य कोपऱ्यात दख्खनचा बेसाल्ट डोकावतो, तो साधारण 6.6 कोटी वर्षांचा.

आता चिन्हं. एक लांब रेघ, तिच्या मध्यातून निघालेली एक आखूड रेघ आणि शेजारी आकडा. लांब रेघ म्हणजे स्ट्राइक, आखूड रेघ म्हणजे डिपची दिशा, आकडा म्हणजे डिपचा कोन. घराचं कौलारू छप्पर आठवा: आढं ज्या दिशेने जातं ती स्ट्राइक, पावसाचं पाणी ज्या दिशेने पन्हळीकडे धावतं ती डिप. स्ट्राइक ही थरावरची आडवी, चढउतार नसलेली रेघ, आणि डिप तिच्याशी काटकोनात, सगळ्यात तीव्र उताराकडे. दोन्ही रेघा जिथे मिळतात ते मोजणीचं ठिकाण. वर्तुळात फुली असेल तर थर आडवे, लांब रेघेला दोन्ही बाजूंनी आखूड रेघ असेल तर उभे.

आणि आखूड रेघेच्या जागी त्रिकोण दिसला तर थांबा. तो बहुधा फोलिएशनचा असतो, सूचीत खात्री करून घ्या. माझा सगळा आग्रह याच चिन्हापाशी येतो. खडकात एकापेक्षा जास्त प्रकारची पातळ पृष्ठं असतात. गाळ साचताना बनले ते मूळ थर, आणि नंतर दाबाखाली अभ्रकासारखी खनिजं एका दिशेने बसली की होतं ते फोलिएशन. डिचोलीचा फिलाइट हातात घेतला तर पापुद्रे सुटतात, पण ते पापुद्रे थर असतीलच असं नाही. कधी दोन्ही समांतर असतात, घडीच्या वळणावर हमखास वेगळे असतात. तिथे पापुद्र्याचा डिप थराचा म्हणून लिहिला तर आकडा अगदी अचूक असूनही नकाशा चुकतो. म्हणून वहीत कोनाच्या आधी ‘थर’ किंवा ‘फोलिएशन’ असा शब्द आलाच पाहिजे.

थर ओळखायला ग्रेवॅक चांगला. हणजूणच्या किंवा दोनापावलच्या खडकाळ किनाऱ्यावर सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी जा, पावसाळा सोडून. लाटांनी धुतलेल्या खडकावर भिंग धरा आणि कण बघत बघत पट्ट्या आडव्या ओलांडा. रंग बदलतो की कण बदलतात? कण भरड ते बारीक असे बदलत असतील तर तो थर. पाण्याखाली वाळू-चिखलाचा लोट थांबतो तेव्हा जड, भरड कण आधी बसतात आणि बारीक नंतर, त्यामुळे बारीक कणांची बाजू ही थराची मूळची वरची बाजू. थर उलटा झालेला असला तरी ही खूण पुसली जात नाही. नुसती खडकाच्या आरपार गेलेली पांढरी क्वार्ट्झची शीर मात्र थर नव्हे, ती नंतर भेगेत भरलेली असते.

मोजायची जागा ठरली की खडक जागेवरचा आहे ना ते बघा. सुटा धोंडा कितीही सुंदर असला तरी उपयोगाचा नाही. उतारावरचे वरचे हातभर थर मातीबरोबर उताराकडे वाकलेले असतात, त्यांनाही सोडा. पृष्ठभाग खडबडीत असेल तर त्यावर वहीचा पुठ्ठा टेकवा. ब्रंटन होकायंत्राची कड पुठ्ठ्याला लावा, यंत्र आडवं धरून बुडबुडा मध्यावर आणा. कड आता जिथे टेकली आहे ती स्ट्राइक. आकडा वाचा, खडूने तीच रेघ ओढा. मग तिच्या काटकोनात यंत्र उभं ठेवून त्यातल्या क्लिनोमीटरने, म्हणजे कल मोजणाऱ्या भागाने, डिप वाचा. काटकोनाबद्दल शंका आली तर बाटलीतलं थोडं पाणी गुळगुळीत पृष्ठावर सोडा, ओघळ जाईल ती डिपची दिशा. एका आकड्यावर विसंबू नका, त्याच थरावर हातभर अंतराने आणखी वाचनं घ्या. ब्रंटनच्या तबकडीवर पूर्व आणि पश्चिम अदलाबदल केलेल्या दिसतील. ते बरोबरच आहे, कारण सुई जागेवर राहते आणि फिरता तुम्ही.

लिहिण्याच्या पद्धती दोन-तीन आहेत. समजा स्ट्राइक उत्तरेपासून पश्चिमेकडे 40 अंश वळलेली आहे आणि थर ईशान्येकडे 55 अंशांनी कलला आहे. कोणी ‘उ 40 प – द 40 पू, डिप 55 ईशान्य’ लिहील, कोणी ‘320/55 ईशान्य’, तर कोणी डिपची दिशा धरून ‘050/55’. तिन्ही एकच. मला शेवटची आवडते, तिच्यात घोटाळ्याला जागा कमी. दिशेला नेहमी तीन आकडे आणि कोनाला दोन, म्हणजे कुठला आकडा कशाचा हे लगेच कळतं. वहीच्या पहिल्या पानावर पद्धत लिहून ठेवा आणि मध्येच बदलू नका.

रस्त्याच्या कापात थर किती कललेले दिसतात ते खरं धरू नका. कापाची दिशा स्ट्राइकच्या दिशेच्या जितकी जवळ तितका कल कमी दिसतो. खरा डिप 50 अंश असेल आणि भिंत स्ट्राइकशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर भिंतीवर दिसतो जेमतेम 31 अंश. खाणीच्या बेंचवर, म्हणजे खोदलेल्या पायरीवरही, हेच. थराचं पृष्ठ शोधा, नुसती भिंतीवरची रेघ मोजू नका.

नकाशावरच्या सीमारेषाही डिप सांगतात, कुठलंही चिन्ह नसताना. आडव्या थराची सीमा समोच्च रेषांना समांतर चालते, उभ्या थराची सीमा डोंगरदऱ्यांची पर्वा न करता सरळ जाते. कललेल्या थराची सीमा ओढा ओलांडताना इंग्रजी व्ही आकारात वळते, आणि व्हीचं टोक सहसा डिपच्या दिशेला असतं. अपवाद एकच: थर ओढ्याच्याच दिशेने, पण ओढ्यापेक्षा कमी उताराने कलला असेल तर टोक वरच्या अंगाला जातं. गोव्यात जुने खडक बहुतेक ठिकाणी तीव्र कललेले, म्हणून त्यांच्या सीमा वायव्य-आग्नेय अशा बऱ्यापैकी सरळ धावतात. समोच्च रेषांबरोबर नागमोडी फिरणारी सीमा दिसली की ती जांभ्याची नाहीतर बेसाल्टची. जांभा तर मूळचा थरही नव्हे, खालचा खडक जागेवरच कुजून झालेलं ते टोपण. त्याचा डिप मोजायचा नसतो.

कोन काढायचाच असेल तर सीमा एकाच समोच्च रेषेला छेदते ते दोन बिंदू जोडा, ती स्ट्राइक. त्या दोन बिंदूंची उंची 200 मीटर आणि तीच सीमा जवळच 100 मीटरची रेषा छेदत असेल, तर त्या बिंदूतून पहिलीला समांतर रेघ ओढा. दोन रेघांतलं अंतर 2 मिलिमीटर आलं, तर जमिनीवर 100 मीटर, उंचीतला फरकही 100 मीटर, म्हणजे डिप 45 अंश, 200 कडून 100 कडे. मात्र मधे घडी किंवा विभंग, म्हणजे खडक तुटून सरकलेली भेग, नसेल तरच.

घड्या वाचताना पुस्तकी नियम असा: आखूड रेघा एकमेकींकडे तोंड करून असतील तर घडी खोलगट, पाठ करून असतील तर उंचावलेली. गोव्यात हा नियम एकटा पुरत नाही. इथल्या घड्या इतक्या घट्ट मिटलेल्या आहेत की पुष्कळ ठिकाणी दोन्ही बाजू एकाच दिशेला कललेल्या असतात, आणि नकाशावर सगळे थर एका ओळीत रचल्यासारखे वाटतात. तोच लोहखनिजाचा पट्टा दोनदा भेटला तर ते दोन पट्टे की घडीमुळे परतलेला एकच? उत्तर किनाऱ्यावर शिकलेल्या त्या भरड-बारीक कणांत मिळतं. दोन पट्ट्यांपाशी थरांची वरची बाजू एकमेकींच्या उलट दिशेला निघाली, तर मधे घडी आहे.

शेवटची सूचना डिचोली, उसगाव, सांगे या पट्ट्यात फिरणाऱ्यांसाठी. लोहखनिजात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असलं की सुई ओढली जाते. तपासायची रीत सोपी: इथून समोरच्या झाडाची दिशा घ्या, मग झाडापाशी जाऊन इथली घ्या. दोन्हींत 180 अंशांचा फरक आला नाही, तर सुईवर भरवसा नको. हातोडा, जीप आणि चुंबकाच्या झाकणाचा मोबाइल लांब ठेवून पुन्हा बघा. तरीही फरक राहिला तर थराच्या स्ट्राइकवरच लांब लांब दोन जागा जीपीएसने नोंदवा आणि त्या जोडणाऱ्या रेघेची दिशा नकाशावर मोजा. डिपचा कोन मात्र तिथेही निर्धास्त घ्या, क्लिनोमीटर गुरुत्वाकर्षणावर चालतो, लोखंडाला तो दाद देत नाही.